पोटातलं आम्ल आणि छातीतला श्वास

सांताक्रूझ स्टेशनाच्या पूर्वेला उतरलं की थोड्या अंतरावर वाकोल्याची वस्ती लागते. मुंबईच्या उपनगरांतलं हे एक जुनं गाव, आता चाळी, झोपड्या, इमारती आणि वरून जाणारा हमरस्ता यांत पार बुडून गेलेलं. इथल्या लोकांना जवळचं मोठं रुग्णालय म्हणजे सांताक्रूझ पूर्वेचं महापालिकेचं व्ही. एन. देसाई रुग्णालय. तुम्ही तिथे जा, नाहीतर आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर रोग्याजवळ येतात आणि एक साधा प्रश्न विचारतात : “शेवटचं कधी खाल्लंत? काय खाल्लंत?”

बरोबरच्या मंडळींना हा प्रश्न जरा विचित्रच वाटतो. पोरगं पोट धरून लोळतंय आणि यांना जेवणाच्या चौकश्या सुचताहेत! मग कुणी ठोकून देतं, “काही नाही साहेब, सकाळपासून उपाशी आहे.” अडलेल्या बाईला अंगात बळ यावं म्हणून घरातून निघताना वाटीभर शिरा भरवलेला असतो, पण ऑपरेशन पुढं ढकलतील या धास्तीनं सासूबाई ते बोलत नाहीत. लपवण्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. हा प्रश्न कशासाठी विचारतात, हे आपल्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं, एवढंच. या प्रश्नामागं पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो आज तुम्हांला सांगायचा आहे.

आधी शरीराची रचना ध्यानात घेऊ. आपल्या घशात मागच्या अंगाला दोन वाटा फुटतात. पुढची श्वासाची, मागची अन्नाची. एकाच ओसरीवर दोन बिऱ्हाडांची दारं असावीत, तशी ही दोन तोंडं अगदी शेजारीशेजारी असतात. घास गिळताना श्वासाचं दार क्षणभर मिटतं आणि घास मागच्या वाटेनं खाली जातो. चुकून पाण्याचा थेंब पुढच्या वाटेला गेला की काय होतं, ते तुम्ही जाणताच. जोराचा ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, आई डोक्यावर थापटते आणि म्हणते, “वर बघ, वर बघ!” हा ठसका म्हणजे छातीच्या दारावरचा राखणदार. पण माणसाला भूल दिली, फिट आली, दारू अति झाली, डोक्याला मार लागला, की हा राखणदारही झोपतो. त्याच वेळी जठराच्या तोंडाशी असलेला स्नायूंचा आवळा सैल पडतो. मग पोटातलं पाणी वर येतं आणि ना ओकारी, ना ठसका, गुपचूप श्वासनलिकेत उतरतं.

हे पाणी साधं नसतं. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि ते लिंबाच्या रसाइतकं, कधी त्याहूनही तीव्र असतं. जठराला आतून चिकट अस्तर असतं, म्हणून त्याचं स्वतःचं काही बिघडत नाही. फुप्फुसाला तसलं अस्तर नाही. तिथं असतात तीस कोटींहून अधिक हवेच्या इवल्या पिशव्या. त्यांची भिंत इतकी पातळ, की हवेतला प्राणवायू सहज रक्तात उतरावा. त्या सगळ्या उलगडून पसरल्या तर शाळेच्या मोठ्या वर्गाची जमीन झाकली जाईल. अशा नाजूक जागी आम्ल पोचलं की ती पोळते. रक्तातलं पाणी पिशव्यांत झिरपतं, पिशव्या मिटतात, आणि माणूस हवेत असूनही हवेला मोताद होतो.

आता इतिहासाकडे वळू. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन शहरी मॉर्टन यांनी ईथर हुंगवून रोग्याला गुंगी आणली आणि शस्त्रक्रिया वेदनेवाचून झाली. वर्षभरानं, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणलं. रुमालावर चार थेंब टाकायचे नि नाकाशी धरायचे. इतकं सोपं साधन मिळाल्यावर त्याचा प्रसार व्हायला काय उशीर! पण तीन महिनेही उलटले नव्हते, तोच २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या विन्लटन गावी हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी दगावली. ऑपरेशन कसलं, तर पायाच्या अंगठ्याचं नख काढायचं. क्लोरोफॉर्म दिल्यावर तिची शुद्ध हरपली, चेहरा पांढराफटक पडला, आणि घाबरलेल्या डॉक्टरांनी तिला सावध करायला तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतली. क्लोरोफॉर्मखालचा नोंदलेला पहिला मृत्यू म्हणून हे प्रकरण गाजलं. क्लोरोफॉर्मनं हृदय बंद पडलं, असं बहुतेकांनी म्हटलं. सिम्प्सन मात्र म्हणाले, क्लोरोफॉर्मला दोष देऊ नका, बेशुद्ध पोरीच्या तोंडात ओतलेल्या पाण्यानं आणि ब्रँडीनं तिचा श्वास कोंडला. सिम्प्सन हे क्लोरोफॉर्मचे पुरस्कर्ते, तेव्हा त्यांचं म्हणणं थोडं पक्षपाती धरावं लागेल. हॅना नेमकी कशानं गेली, यावर आजही एकमत नाही. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नये, हा धडा त्या वादातून तेव्हाच घेता आला असता. आपल्याकडे रस्त्यावर माणूस चक्कर येऊन पडला की पहिला धावतो तो पाण्याचा तांब्याच!

या वादाचं एक मोठं पर्व आपल्या शेजारी घडलं. निजामाच्या हैदराबादेत एडवर्ड लॉरी नावाचे डॉक्टर होते. क्लोरोफॉर्मनं आधी हृदय थांबतं की श्वास, हे ठरवायला निजाम सरकारच्या खर्चानं १८८८ आणि १८८९ साली दोन समित्या बसल्या. शेकडो कुत्र्यांवर प्रयोग झाले. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्याच राज्यात होता. समितीचा निर्वाळा असा, की आधी श्वास बिघडतो, म्हणून भूल देणाऱ्यानं नाडीपेक्षा श्वासावर नजर ठेवावी. समितीचा निष्कर्ष सगळ्यांनी मानला नाही, पण श्वासावर लक्ष ठेवा ही सूचना चांगलीच होती. त्याच काळात हैदराबादेत शिकलेल्या रूपाबाई फरदूनजी या पारशी बाई पुढे भूल देण्याचं काम करू लागल्या. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. आपल्या शाळांच्या पुस्तकांत त्यांचं नाव यायला हवं, असं मला वाटतं. पण या साऱ्या वादात हृदयाची बाजू होती, श्वासाची बाजू होती. पोटाची बाजू जवळजवळ कुणीच मांडली नाही.

पुढची पन्नास-साठ वर्षं हाच प्रकार चालला. पुण्याची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींवर ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी अपेंडिक्सची तातडीची शस्त्रक्रिया केली. ऐन वेळी वादळी पावसानं वीज गेली आणि शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. गांधीजी बचावले, ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली, आणि मार्चमध्ये ते विश्रांतीसाठी जुहूला येऊन राहिले. हे जुहू म्हणजे वाकोल्याच्याच सांताक्रूझ स्टेशनाची दुसरी बाजू. लोकांच्या आठवणीत राहिला तो कंदील. पण त्या काळी कुठल्याही पोटाच्या तातडीच्या ऑपरेशनात याहून मोठा एक अंधार होता. पोटात कळ उठली की जठराचं काम मंदावतं आणि त्यातलं खाली सरकत नाही. श्वासनलिकेत नळी घालून ती वाट बंदिस्त करण्याची रीत तेव्हा सर्रास नव्हती. रोगी त्या गुंगीतून उठला नाही, तर ‘भूल सोसली नाही’ म्हणायचं किंवा ‘न्यूमोनिया झाला’ म्हणायचं. दोन्ही शब्दांनी कारण कळत नव्हतं.

कारण दाखवलं ते न्यूयॉर्कच्या एका प्रसूतिगृहातल्या कर्टिस मेंडेल्सन या डॉक्टरांनी, १९४६ साली. त्यांनी १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी काढल्या. त्यांत ६६ बायकांच्या बाबतीत भुलेत असताना पोटातलं फुप्फुसात गेलं होतं. काय गेलं याची नोंद ४५ जणींबाबत मिळाली : ४० जणींच्या बाबतीत पातळ, ५ जणींच्या बाबतीत घन अन्न. दोघी दगावल्या, त्या घन अन्नानं श्वास कोंडून. पातळ गेलेल्यांची तऱ्हा निराळी. त्यांना काही वेळानं दम्यासारखी धाप लागे, छाती सूं-सूं वाजे, ओठ निळे पडत.

मेंडेल्सन इथंच थांबले नाहीत, आणि मला त्यांचं खरं मोठेपण पुढच्या कामात दिसतं. त्यांनी सशांच्या श्वासनलिकेत निरनिराळे द्रव सोडून पाहिले. आम्लाचं पाणी सोडलं की ससा तसाच धापा टाकी, त्याची फुप्फुसं तशीच सुजत. ओकारीतला आंबट द्रव सोडला, तरी तेच. पण त्याच द्रवातलं आम्ल मारून तो सोडला, तर हा आजार होईना. शंभर वर्षं चाललेला वाद अशा साध्या प्रयोगानं एका बाजूला पडला. फुप्फुस पोळतं ते आम्लानं. या दुखण्याला पुढे त्यांचंच नाव पडलं.

बाळंतिणींवरच हे अरिष्ट अधिक का? वाढलेलं गर्भाशय जठराला वर रेटतं, गरोदरपणी तो आवळा सैल असतो, आणि कळा सुरू झाल्या की पोटातलं पुढं सरकेनासं होतं. सकाळचं खाल्लेलं संध्याकाळीही पोटात सापडतं. मेंडेल्सन यांनी उपाय सुचवले ते असे : कळा देणाऱ्या बाईला तोंडानं अन्न देऊ नये, जमेल तिथे पूर्ण भूल न देता तेवढाच भाग बधिर करावा, पोटातलं आम्ल मारावं, भूल जाणत्या माणसानं द्यावी, तोंडावरचा मुखवटा पारदर्शक असावा म्हणजे ओकारी दिसेल, आणि डोकं खाली करता येईल असं टेबल नि ओढून घेणारा पंप जवळ असावा. यातला एकही उपाय पोळलेलं फुप्फुस बरं करणारा नाही. सगळे आधीचे आहेत.

पोळल्यावर काय करायचं, याचा शोध मात्र पुढं फार झाला, आणि तो बहुतेक निराशेचाच आहे. पहिला विचार कुणाच्याही मनात यावा तसा : आम्ल गेलंय ना, मग फुप्फुस पाण्यानं धुऊन काढू, नाहीतर सोड्याच्या पाण्यानं मारून टाकू. पण आम्ल क्षणांत पसरतं, मिनिटांत आपलं काम करून जातं, आणि शरीरातले द्रव त्याला तेवढ्यातच निष्प्रभ करतात. नंतर ओतलेलं पाणी आम्ल आणखी खोल नेतं, एवढंच होतं. ते सोडून द्यावं लागलं. मग आले स्टेरॉइड. सूज कमी करणारं औषध म्हणून ते वर्षानुवर्षं टोचले गेले. फायदा सिद्ध झाला नाही, उलट जंतूंना वाव मिळण्याची भीती. मग प्रतिजैविकं. पण आम्लानं झालेली इजा सुरुवातीला जंतूंची नसतेच, पुढं जंतूंचा संसर्ग झाला तरच त्या औषधांचं काम. उंदरांवरच्या अभ्यासांतून असंही दिसलं, की इजा दोनदा होते. एकदा तासाभरात, आम्लाच्या पोळण्यानं, आणि पुन्हा चारेक तासांनी, मदतीला धावलेल्या आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या माऱ्यानं. घर वाचवायला आलेल्यांनीच दारं-खिडक्या मोडाव्यात, तसा हा प्रकार! हा दुसरा मारा थोपवणारं औषध शोधण्याची खटपट चालू आहे, पण जनावरांत जमलेलं माणसांत ठरलेलं नाही.

मग डॉक्टर करतात काय? घशातलं, नळीतलं तत्काळ ओढून घेतात. प्राणवायू देतात. गरज पडली तर यंत्रानं श्वास देतात. १९६७ साली अमेरिकेत ॲशबॉ आणि पेटी यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या कारणांनी फुप्फुसं अशी पाण्यानं भरलेल्या बारा रोग्यांचं वर्णन केलं आणि दाखवलं, की श्वास सोडल्यावरही थोडा दाब ठेवला तर मिटलेल्या पिशव्या उघड्या राहतात. २००० साली तिथल्याच आठशे एकसष्ट रोग्यांच्या मोठ्या अभ्यासानं आणखी एक गोष्ट शिकवली. यंत्रानं मोठा श्वास देण्याची जुनी चाल चुकीची होती. लहान श्वास दिल्यावर मृत्यू शंभरांत चाळीसच्या ठिकाणी एकतीसवर आले. रोग्याला पालथं झोपवण्याचा उपाय तर २०२० च्या साथीत गावोगावच्या लोकांनी पाहिला आहे. यातला एकही उपाय आम्लावरचं औषध नाही. फुप्फुस स्वतःच भरून येईपर्यंत माणसाला तगवून धरायचं, एवढाच त्यांचा अर्थ. आणि पुष्कळ रोगी तसे बरे होतातही.

तेव्हा खरी लढाई आम्ल छातीत जाण्याआधीच लढायची, हे ठरलं. १९६१ साली लंडनच्या ब्रायन सेलिक यांनी एक युक्ती सांगितली. कंठमण्याच्या खाली कूर्चेची एक कडी असते. भूल देताना ती बोटांनी मागं दाबली, की मागची अन्ननलिका मिटते आणि पोटातलं वर येत नाही. एवढ्या अवधीत श्वासनलिकेत नळी घालायची. जगभर ही रीत पसरली. अलीकडे फ्रान्समध्ये सुमारे साडेतीन हजार रोग्यांवर तिची परीक्षा झाली. निम्म्यांना खरा दाब दिला, निम्म्यांना नुसतं दाबल्याचं सोंग केलं. दोन्हीकडे फरक जवळजवळ दिसला नाही. त्यावर अजून वाद आहे. आम्ल मारण्याच्या औषधाचीही अशीच गंमत. बाळंतिणींना दर थोड्या वेळानं चुन्याच्या पाण्यासारखं पांढरं औषध पाजत. पुढं कळलं, की त्या औषधाचे कण फुप्फुसात गेले तर तेही इजा करतात. तेव्हा निवळ, कण नसलेलं औषध आलं. आणि सीझर करताना शक्य तिथं पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भागच बधिर करतात. बाई जागी राहते, तिचा ठसकाही जागा राहतो.

शिक्षकांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी, कारण खेड्यात डॉक्टरांच्या आधी लोक तुम्हांला बोलावतात. लहान मूल रॉकेल प्यालं, कुणाच्या पोटात पिकावरचं औषध गेलं, की लोक मिठाचं पाणी पाजून ओकारी काढतात. रॉकेलनं पोटाला फारसं होत नाही. ते फुप्फुसात गेलं की घात करतं, आणि ओकारी काढली की त्याला तिथं जायला दुसरी संधी मिळते. तेव्हा ओकारी काढू नका, बाटली बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा. फिट आलेल्या किंवा बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या माणसाला कुशीवर वळवा. तोंडातलं बाहेर वाहू द्या. पाणी, चहा, काही ओतू नका. कांदा हुंगवलात तर हुंगवा बापडे, पण तांब्या दूर ठेवा.

आता त्या प्रश्नाकडे. ‘पोट रिकामं’ याचा अर्थही काळाबरोबर बदलला. मधल्या काळात मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब नको, असा सरसकट हुकूम निघाला, आणि दुपारी ऑपरेशन व्हायचं ते पोर सकाळपासून तहानेनं रडू लागलं. आता नियम असा आहे, की निवळ पाणी किंवा दुधावाचूनचा चहा भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतो, आईचं दूध चार तास, इतर दूध आणि हलकं खाणं सहा तास, तळलेलं आणि मटण आठ तास आधी थांबवायचं. बाळंतपणाच्या बाबतीतही, ज्या बायकांना धोका कमी त्यांना कळांमध्ये पूर्ण उपाशी ठेवून फायदा होतो असं आढळलं नाही. तुमच्या बाबतीत काय, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

आपल्याकडची एक अडचण मात्र परदेशी पुस्तकांत सापडायची नाही. डॉक्टर विचारतात, “उपाशी आहात ना?” बाई म्हणतात, “हो, आज एकादशी आहे.” आणि सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस झालेला असतो! ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपणच म्हणतो. डॉक्टरांना उपास सांगू नका, पदार्थ सांगा. ताक प्यायलात तर ताक सांगा, पेज घेतलीत तर पेज सांगा. पेज पातळ असली तरी निवळ नव्हे. तंबाखूची मळी तोंडात असेल तर तीही सांगा. आणि अपघात झाला असेल तर दोन वेळा सांगायच्या : जेवण किती वाजता झालं आणि मार किती वाजता लागला. दुपारी बाराला जेवून एकला बैलगाडीवरून पडलेला माणूस रात्री नऊला टेबलावर घेतला, तरी त्याचं पोट एक वाजताच थांबलेलं असू शकतं.